समुद्रतळाचे मँगेनीज आणि बिडाची धूळ

मध्य हिंदी महासागराच्या तळाशी, पाच किलोमीटर खोल, बटाट्याएवढे काळे गोटे पसरले आहेत. त्यांत सुमारे २४ टक्के मँगेनीज, शिवाय थोडे निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. हिंदी महासागरातून भारतासाठी असा पहिला गोटा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी वर काढला. तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातील शोधाच्या भारताच्या कराराची मुदत २०२७मध्ये संपते. चर्चा सगळी ‘मत्स्य ६०००’ पाणबुडीची होते. गोटे वर आल्यावर त्यांतून धातू काढायचा कसा, याची फारच कमी.

गोट्यांतले मँगेनीज डायऑक्साइडच्या रूपात असते आणि नुसत्या गंधकाम्लाला ते दाद देत नाही. निकेल-कोबाल्टही त्याच्याच जाळीत अडकलेले. बाहेरून इलेक्ट्रॉन मिळाले, की मात्र मँगेनीज विरघळते. चिलीतील अँटोफागास्ताच्या संशोधकांनी हे काम तांब्याच्या भट्टीतल्या लोहयुक्त मळीकडून साध्या तापमानाला करून घेतले.

कोल्हापूरकराला इथे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आठवणारच. पण तिथल्या क्युपोला भट्टीची मळी मुख्यतः सिलिका आणि चुन्याची; तिच्यात लोह अगदी कमी. लेथवरचा बिडाचा चुरा तर पुन्हा भट्टीतच जातो. उपयोगाची आहे ती ग्राइंडिंग आणि शॉट ब्लास्टिंगची धूळ, कारण तिच्यात धातुरूप लोह असते. मळीतून विरघळलेल्या फेरस लोहाचा एक आयन एकच इलेक्ट्रॉन देतो, धातुरूप लोहाचा अणू तीन. हिशेबाने एक किलो मँगेनीजला फेरस लोह दोन किलो लागते, तर धातुरूप लोह सुमारे ७०० ग्रॅम. प्रत्यक्षात काही लोह आम्लाशी थेट भिडून हायड्रोजन सोडण्यात वाया जाते, तरी फरक मोठाच राहतो.

साखर कारखान्यांचे मोलॅसिसही इलेक्ट्रॉन पुरवण्याचे हे काम करते. चीनमध्ये हलक्या प्रतीच्या मँगेनीज खनिजावर तसे प्रयोग झाले आहेत. कागदावर एक किलो ग्लुकोज साडेतीन किलोंहून अधिक मँगेनीज सोडवते. पण इथेनॉलच्या काळात मोलॅसिसला टाकाऊ म्हणणे चूक ठरेल. आसवनीचे सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, अधिक योग्य. त्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर आणि त्याची विल्हेवाट ही कायमची डोकेदुखी.

लोह वापरले, की द्रावणात मँगेनीजबरोबर लोहही उतरते. चुना घालून आम्लता कमी केली, की ते गाळ होऊन खाली बसते, सोबत जिप्समही. फेरसऐवजी धातुरूप लोह वापरल्यास त्याचा गाळ हिशेबाने एक तृतीयांशच उरतो. म्हणून धुळीची निवड करताना भावाआधी तिच्यातले धातुरूप लोह मोजले पाहिजे आणि उरलेला गाळ कुठे जाणार, हे कारखान्याच्या पहिल्याच आराखड्यात असले पाहिजे.