उंची नेमकी कुठून मोजायची?

मित्रहो, एखाद्या वस्तूचा स्वतःचा गुण कोणता आणि तिचा दुसऱ्या वस्तूशी असलेला संबंध कोणता, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज आपण तो जमीनमोजणीच्या उदाहरणातून पाहू.

मुंबईच्या किनाऱ्यावर, अगदी पाण्याच्या काठाशी, जीपीएस रिसीव्हर ठेवला तर त्याने मोजलेली मूळ उंची उणे साठ मीटरांच्याही खाली भरते. यंत्र बिघडलंय का? नाही. समुद्रसपाटी उपग्रहांना ठाऊकच नसते. ही उंची मोजली जाते ती एलिप्सॉइड नावाच्या, पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून. खरं पाणी मात्र गुरुत्वाकर्षणानुसार स्थिरावतं, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. वारा, भरती-ओहोटी बाजूला ठेवून शांत समुद्राचा पृष्ठभाग आपण जमिनीखालूनही पुढे नेला, तर मिळतो तो जिऑइड. भारताच्या दक्षिणेकडे तो एलिप्सॉइडच्या सुमारे शंभर मीटर खाली आहे. हा फरक हिशेबात धरला की आपल्या ओळखीची उंची मिळते.

आता दुसरी अडचण. उपग्रह चारी दिशांना असतात, त्यामुळे आडव्या मापातल्या चुका एकमेकींना बऱ्याच सावरतात. पायांखाली मात्र पृथ्वीच आहे. तिकडून सिग्नल येत नाही. म्हणून उभी चूक आडव्या चुकीच्या साधारण दीडपट ते दुप्पट. आरटीके पद्धतीत आडवी 1-2 सेंटिमीटर, तर उभी 2-3.

एवढ्याने काय बिघडतं? शेताची हद्द ठरवताना फारसं काही नाही. पण 5000 ला 1 उताराचा कालवा घ्या. शंभर मीटरांत उतार फक्त 2 सेंटिमीटर, म्हणजे मोजणीतल्या चुकीएवढाच! त्यात जिऑइडचा फरक दर किलोमीटरला थोडा बदलतो. तो धरलाच नाही, तर कागदावर उतार दिसेल आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचणार नाही. म्हणून जाणता सर्व्हेअर जवळच्या बेंचमार्कवर उंची ताडून पाहतो आणि अशा कामाला आजही लेव्हल मशीन आणि स्टाफ बाहेर काढतो.

आणि त्या बेंचमार्कचं शून्य तरी कुठलं? भारतात 1909 साली नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी समुद्रपातळी काढली आणि ती सगळीकडे एकच आहे असं मानलं. म्हणजे शून्यसुद्धा आपण ठरवलेलं.

तेव्हा कुणी उंचीचा आकडा सांगितला, की आपण आधी विचारायचं, ‘कुठून?’ पुढच्या व्याख्यानात उपग्रहातल्या घड्याळाकडे वळू.