गुडघेदुखी आणि दूरस्थ व्यायामोपचार
गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर मांडीच्या स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम हा प्रमुख उपचार होय, हे सर्वमान्य असले, तरी तो शिकण्यासाठी रुग्णाने तज्ज्ञासमोर जातीने हजर राहिलेच पाहिजे काय, हा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियात ३९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांतील पाच भेटी काहींना चिकित्सालयात, तर काहींना व्हिडिओद्वारे देण्यात आल्या, तेव्हा वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत दूरस्थ मार्ग उणा ठरला नाही. मात्र सांधा तापून लाल होणे, अकस्मात सुजणे, अडकून बसणे किंवा दुखापतीनंतर देहाचा भार न पेलणे, अशा प्रसंगी पडद्यावर विसंबून न राहता प्रत्यक्ष तपासणीच विनाविलंब करवून घ्यावी.