मुलांची शाळा आणि आईबापांचा हिशेब

आपल्या मुलांनी आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वर चढावे, ही प्रत्येक आईबापाची इच्छा असते, आणि ती इच्छा पवित्र आहे. आपल्या वाडवडिलांनी भातशेतीत राबून, बोटीवर नोकऱ्या करून, प्रसंगी पोटाला चिमटा घेऊन मुलांना मिशनच्या शाळेत धाडले, ते याच इच्छेपोटी. आज त्या इच्छेपुढे एक नवीच निवड येऊन उभी राहिली आहे. बेळगाव असो की मडगाव, इंदूर असो की बडोदे, शहराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मोठमोठे फलक दिसतात आणि त्यांवर 'इंटरनॅशनल स्कूल' ही अक्षरे झळकत असतात. शेजारच्या घरचे मूल सकाळी पिवळ्या बसमध्ये चढते. मग आपलेच मूल मागे का राहावे, असा प्रश्न घरात निघतो. आखातातला मुलगा पैसे पाठवण्याचे कबूल करतो, कोणी अंगावरचे दागिने गहाण टाकतो, तर कोणी काजूच्या बागेवर कर्ज काढावयास निघतो.

असा निर्णय चुकीचाच असतो असे मुळीच नाही. तथापि तो डोळे उघडे ठेवून घेतला पाहिजे. कारण पाच-सहा वर्षांनी पैसा पुरेनासा झाला म्हणजे त्याचा भार कागदावर राहत नाही, तो मुलाच्या मनावर पडतो. ऐन सातवी-आठवीत मित्र, शिक्षक, भाषा आणि अभ्यासक्रम एकदम बदलावे लागलेल्या मुलाचे दुःख मोठे असते. म्हणून हा लेख.

'इंटरनॅशनल' म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय शाळेची कल्पना परदेशात नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांच्या गरजेतून वाढली. १९२४ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी राष्ट्रसंघाच्या व आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीच्या नोकरवर्गाच्या मुलांसाठी अशी एक शाळा निघाली. बापाची बदली झाली तरी मुलाचे शिक्षण तुटू नये आणि त्याची परीक्षा अनेक देशांत मानली जावी, हा तिचा हेतू. त्याच जिनिव्हात १९६८ साली 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' या परीक्षासंस्थेची स्थापना झाली. तिचे नाव लोक 'आयबी' असे घेतात. आपल्या देशात कोडाईकनाल येथे १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळेने १९७६ साली हा अभ्यासक्रम सुरू केला. भारतात तो प्रथम तेथेच आला. दुसरी मोठी परंपरा इंग्लंडमधील केंब्रिजची. तेथील विद्यापीठाने शाळांच्या परीक्षा घेण्यास १८५८ साली आरंभ केला, आणि दहावीच्या तोडीची तिची 'आयजीसीएसई' परीक्षा १९८८ पासून घेतली जाते.

हा झाला खरा अर्थ. परंतु 'इंटरनॅशनल' हा शब्द म्हणजे सरकारने दिलेली पदवी नव्हे. नावात हा शब्द असूनही केंद्रीय मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा, किंवा राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येक उत्तम आहेत, आणि त्या मंडळांतही काही उणे नाही. परंतु जो अभ्यासक्रम गावाजवळच्या दुसऱ्या शाळेत निम्म्या खर्चात मिळतो, त्यासाठी केवळ नावापायी दुप्पट पैसे मोजणे शहाणपणाचे नाही. यास्तव पहिला प्रश्न इमारतीविषयी विचारू नये, पोहण्याच्या तलावाविषयीही विचारू नये. तो मंडळाविषयी विचारावा: आमचा मुलगा दहावीची आणि बारावीची परीक्षा कोणत्या मंडळाची देईल, आणि त्या मंडळाची मान्यता या शाळेस आज आहे काय?

'आज आहे काय' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. आयबीच्या बाबतीत उमेदवार शाळा वेगळी आणि मान्यताप्राप्त शाळा वेगळी. उमेदवारी म्हणजे मान्यता नव्हे. ती पुढे मिळेलच असेही नव्हे. आयबी, केंब्रिज आणि सीबीएसई या तिन्ही संस्था आपापल्या मान्य शाळांची यादी सर्वांस पाहता येईल अशी ठेवतात. घरातील शिकलेल्या मुलाला ती मोबाइलवर पाहावयास सांगावे. काम दहा मिनिटांचे आहे.

पुढची वाट कोठे जाते?

आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे अकरावी-बारावीच्या काळात, विद्यार्थी सहा विषय घेतो. प्रत्येकास सात गुण, शिवाय दीर्घ निबंध व ज्ञानमीमांसा यांचे मिळून तीन, असे एकूण ४५ गुण असतात. पदविका मिळण्यास इतर अटींबरोबर किमान २४ गुण लागतात. पाठांतरापेक्षा विचार, लेखन आणि समाजसेवा यांवर भर असतो. ही पद्धत चांगली आहे यात शंका नाही, आणि परदेशी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो.

परंतु आपल्या मुलाला कोठे जावयाचे आहे? डॉक्टर व्हावयाचे असेल तर 'नीट' परीक्षेसाठी अकरावी-बारावीत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय हवेत. आयबीच्या नेहमीच्या रचनेत तीन शास्त्रविषय सहजासहजी बसत नाहीत. त्यासाठी शाळेशी आधीच बोलून विशेष व्यवस्था करावी लागते. शिवाय आयबीच्या मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभी लागतो, आणि तोवर आपल्याकडील काही महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झालेले असतात. परदेशी परीक्षांना बारावीची समकक्षता मिळते, पण ती विषयांच्या व गुणांच्या अटींवर. ज्या मुलाला पुढे पणजीत, धारवाडात किंवा बडोद्यातच शिकावयाचे आहे, त्याच्या आईबापांनी हे सारे पहिल्या इयत्तेपूर्वीच समजून घ्यावे. अकरावीत समजून उपयोग नाही.

फीपत्रक कसे वाचावे?

शाळेच्या माहितीपुस्तिकेत जो आकडा ठळक छापलेला असतो तो बहुधा केवळ शिक्षण शुल्काचा असतो. पूर्ण खर्च त्याच्या आजूबाजूला, बारीक अक्षरांत असतो. फीपत्रक हाती घेऊन पुढील रकमा एकेक करून शोधाव्यात.

पहिली, अर्जाची किंवा नोंदणीची फी. प्रवेश मिळो वा न मिळो, ती सहसा परत येत नाही. दुसरी, प्रवेश फी. ती एकदाच भरावयाची असते. तिसरी, अनामत रक्कम. ती शाळा सोडताना परत मिळावयास हवी, पण सहसा व्याजाविना. ती कोणत्या अटीवर, किती दिवसांची आगाऊ सूचना दिल्यास परत मिळेल, हे लेखी मागावे. चौथी, सत्राचे शिक्षण शुल्क. पाचवी, वार्षिक शुल्क वा विकास निधी. सहावी, बस. सातवी, जेवण. आठवी, गणवेश, बूट, पुस्तके आणि आता लॅपटॉप किंवा टॅबलेट. नववी, सहली. आणि दहावी, जिचा पुष्कळांना विसर पडतो ती, परीक्षा फी. आयबी व केंब्रिज या परदेशी संस्था असल्यामुळे त्यांची परीक्षा फी वेगळी भरावी लागते, आणि रुपयाचा भाव उतरला तर ती वाढते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पुस्तिकेत वर्षाचे ९६,००० रुपये छापलेले आहेत. महिन्याला ८,००० पडतात, असे म्हणून बाप होकार देतो. मग बसचे १८,०००, जेवणाचे १५,०००, वार्षिक शुल्काचे १२,००० आणि गणवेश-पुस्तकांचे ९,००० येतात. बेरीज होते १,५०,०००. म्हणजे महिन्याला ८,००० नव्हे, १२,५०० रुपये. त्यात पहिल्या वर्षी प्रवेश फी ४०,००० आणि अनामत २०,००० मिळविली, म्हणजे प्रथम वर्षीच २,१०,००० रुपये हाती असावे लागतात.

बारा वर्षांचा विचार

येथेच हिशेब संपत नाही. पहिलीपासून बारावीपर्यंत बारा वर्षे आहेत. खर्च तेवढाच राहिला असता, तर दीड लाखाप्रमाणे बारा वर्षांचे १८ लाख झाले असते. परंतु फी दरवर्षी वाढते. ती दरसाल १० टक्के वाढली असे धरले, तर बारावीच्या वर्षाचा खर्च सुमारे ४,२८,००० होतो आणि बारा वर्षांची बेरीज ३२ लाखांच्या वर जाते. १८ नव्हे, ३२! आणि घरात दोन मुले असली तर जवळजवळ याच्या दुप्पट.

आता कुटुंबाचे उत्पन्न दरसाल दहा टक्क्यांनी वाढणार आहे काय? उसाचा भाव, काजूचे पीक, आखातातील करार, बोटीवरची नोकरी, यांपैकी कशाचीही बारा वर्षांची हमी कोणी देऊ शकत नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून, तो पुरा करण्यास आपल्यापाशी पैसा आहे की नाही याचा हिशेब करावा, असे आपल्या प्रभूने लोकांना सांगितले (लूक १४:२८). शिष्यत्वाची किंमत शिकविण्यासाठी त्याने ते उदाहरण घेतले खरे, पण संसारी माणसालाही ते तंतोतंत लागू पडते. पाया घालून काम अर्धवट सोडणाऱ्याला लोक हसतात. शाळा अर्धवट सोडावी लागणाऱ्या मुलाला तर लोक हसण्याआधीच लाज वाटू लागते.

या हिशेबात आणखी एक अन्याय लपलेला असतो. पैसा एकाच मुलापुरता असला की पुष्कळ घरांत तो मुलावर खर्च होतो आणि मुलीला जवळच्या स्वस्त शाळेत घालतात. ज्या घरात संध्याकाळी सारे मिळून एकच रोझरी म्हणतात, त्या घरात लेकरांच्या पानांत असा दुजाभाव शोभत नाही. दोघांना सारखे देता येईल अशी शाळा निवडणे, हे एकाला फार महाग शाळेत घालण्यापेक्षा न्यायाचे आहे.

कायद्याचा आधार

पालक अगदीच निराधार नाहीत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रवेशासाठी डोनेशन घेण्यास मनाई केली आहे, आणि ते घेतल्यास त्याच्या दहापटींपर्यंत दंड सांगितला आहे. महाराष्ट्रात फी-नियमनाचा कायदा २०११ साली झाला. त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीस फीविषयी बोलण्याचा अधिकार आहे. गुजरातमध्ये २०१७ च्या कायद्यान्वये फी-नियमन समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांपैकी एक बडोदे विभागासाठी आहे. मध्य प्रदेशानेही २०१७ साली असाच कायदा केला. इंदूर-ग्वाल्हेरकडील पालकांना तेथे जिल्हा समितीकडे गाऱ्हाणे नेता येते. पण या सर्वांस पुरावा लागतो. म्हणून पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी. ज्या शाळेला पावती देणे जड जाते, तिच्याकडून मुलाला सचोटीचे धडे कसे मिळावेत?

सवलतीविषयी विचारण्यातही कमीपणा मानू नये. पुणे जिल्ह्यात पौडजवळ १९९७ साली सुरू झालेल्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारख्या संस्थेत कुटुंबाची ऐपत पाहून साहाय्य दिले जाते. गुणी पण गरीब मुलाने अकरावीच्या वेळी अशा दाराशी अवश्य जावे. म्हणजे आयबीचे शिक्षण हवेच असेल तर ते पहिलीपासूनच घेतले पाहिजे असे नाही. दहावीपर्यंत गावाजवळच्या चांगल्या शाळेत पाया पक्का करून पुढे तिकडे वळता येते.

शाळा पाहावयास जाताना

प्रवेशापूर्वी शाळा चालू असताना एकदा तरी जाऊन पाहावी, आणि शक्य तर नवरा-बायको दोघांनी जावे. एका वर्गात किती मुले आहेत, शिक्षक वर्षानुवर्षे टिकतात की दरसाल बदलतात, मागील तीन वर्षांत फी किती वाढली, मुले शाळा सोडून का गेली, हे विचारावे. मराठी शिकविली जाते की नाही हेही विचारावे. गोव्यात, बेळगावात, हैदराबादेत राहणाऱ्या आपल्या मुलांना ती घराबाहेर आपोआप मिळत नाही. ज्या मुलाला आजीचे पत्र वाचता येत नाही आणि मिस्साविधीत मराठी उपासना-पुस्तक हाती धरता येत नाही, त्याने जग मिळविले तरी घर थोडेसे गमावलेच. शाळेत ती नसेल तर घरी रोज अर्धा तास आईबापांनी ती शिकवावी.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत असे शिकविले आहे आणि शाळा निवडण्याचे त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. हे स्वातंत्र्य फलक पाहून किंवा शेजाऱ्याकडे पाहून वापरावयाचे नाही. रोममध्ये १५९७ साली गरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडणाऱ्या संत जोसेफ कालासान्झ यांच्यापाशी संगमरवरी इमारत नव्हती. मुलांवर प्रेम करणारे आणि त्यांना नेटाने शिकविणारे गुरुजन होते. तसे गुरुजन जेथे आहेत, जेथील फी अखेरच्या वर्षापर्यंत आपणांस झेपेल, आणि जेथून मुलाची वाट त्याच्या ध्येयाकडे जाते, ती शाळा आपल्या मुलासाठी चांगली, मग तिच्या नावात कोणताही शब्द असो. तेव्हा आईबापहो, एखाद्या रविवारी संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर वही-पेन्सिल घेऊन दोघे एकत्र बसा आणि बारा वर्षांची बेरीज मांडा. त्यानंतरच प्रवेशअर्जावर सही करा.