पोटरीतला गोळा आणि डबीतल्या गोळ्या

गाढ झोपेत एकाएकी पोटरीत गोळा येतो आणि माणूस कळवळून उठून बसतो. कुणी याला पेटका म्हणते, कुणी वांब. गोळा थोड्या वेळाने सुटतो. ठणका मात्र मागे राहतो आणि झोपेचे खोबरे होते. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून मॅग्नेशियमच्या गोळ्यांची डबी घरी येते.

या डबीची योग्यता काय? तोवर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०२० साली आढावा घेतला. वयस्कर माणसांत मॅग्नेशियम आणि औषध नसलेली नकली गोळी यांच्या गुणात लक्षात यावा असा फरक आढळला नाही. गर्भवती स्त्रियांविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. शिवाय मूत्रपिंडे दुबळी असली तर हे द्रव्य शरीरात साठून अपाय करते. गंमत अशी की, ज्याचा थोडाफार गुण येतो ते क्विनीन, म्हणजे सिंकोनाच्या सालीतले हिवतापाचे जुने औषध! पण त्याने क्वचित रक्तातील बिंबिका धोकादायक इतक्या घटतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून अमेरिकेने १९९४ साली पेटक्यांसाठी त्याची डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून होणारी विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला.

झोपेत पाऊल खाली कललेले असते, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखडलेला असतो. त्यात मज्जातंतूने उगाच इशारा दिला की त्याची गाठ होते. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढील माणसांना सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटऱ्या व मांड्यांचे मागचे स्नायू ताणायला लावले, तेव्हा पेटके कमी झाले (हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला). गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढावे. या उपायाला दमडी पडत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

पण काहींच्या पायात गोळा येतच नाही. अंथरुणावर पडले की पाय नुसते वळवळतात, हलवल्यावाचून राहवत नाही आणि चार पावले चालले की बरे वाटते. हा विकार निराळा. त्याच्या मुळाशी पुष्कळदा लोहाची कमतरता असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या वर्गातील मुलींनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा. अशा वेळी डॉक्टरांना विचारून रक्तातील फेरिटिन तपासून घ्यावे. नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नये, कारण साठ्यातले लोह त्याच्या आधी आटते. लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. जेवणाला लागून चहा मात्र आजच बंद करता येईल. तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही.