असं का होतं? : गाडीच्या टेपमधली शिट्टी

साखऱ्याहून हिंगोलीकडे जुन्या गाडीतून निघालात, टेप लावला, की गाण्यामागे बारीक शिट्टी सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तीही चढते. चोर बहुधा अल्टरनेटर. बॅटरी भरणाऱ्या या यंत्राचा प्रवाह पुरता सपाट नसतो; पाटाच्या पाण्यासारख्या त्यात बारीक लाटा उरतात. इंजिन पळालं की लाटा दाट, सूर उंच.

रेडिओ लावल्यावर येणारी तडतड मात्र वेगळी. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते. मार्कोनीचे पहिले प्रक्षेपक ठिणगीवरच चालत, म्हणजे बॉनेटखाली तुमचं स्वतःचं रेडिओ केंद्रच! मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगी नेमकी तीच बिघडवते. एफएमला तिचा त्रास कमी. डिझेल जीपला तर स्पार्क प्लगच नसतो.

आधी अँटेनाची वायर काढून पाहा. आवाज थांबला तर तो हवेतून येतोय. रेझिस्टरवाले प्लग बसवा. शिट्टी तशीच राहिली तर टेपची अर्थिंगची वायर तपासा. जुन्या गाडीत तिथे हमखास गंज सापडतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, पत्रा खरवडा, नट घट्ट आवळा. आवाज गाळणाऱ्या फिल्टरवर पैसे घालायचे ते त्यानंतर.