शेक घेण्याआधी

मधुमेहात पाय गार पडण्याची मुख्य कारणं दोन, आणि त्यांची गल्लत फार होते. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की दुखणं उतरतं, तर संशय रक्तवाहिन्यांवर घ्यावा. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ किंवा कमी म्हणजे धमन्या अरुंद झालेल्या. त्या कडक झाल्या असतील तर मात्र हा आकडा फसवा चांगला येतो. रात्री अंथरुणात जळजळ, मुंग्या? मग बहुधा मज्जातंतू. असा पाय हाताला कोमट लागतो, तरी आतून गारठल्यासारखा वाटतो. गरम पाण्याची पिशवी इथेच घात करते: चटका कळत नाही, नंतर फोडच दिसतो. त्यापेक्षा सैल सुती मोजे बरे. तंबाखू, मिश्रीसुद्धा, बंद. जखम किंवा काळपट बोट दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.