फुटलं की जुळत नाही!

संत्रं सोलून त्याच्या फोडी पुन्हा गोल मांडून ठेवता येतात की नाही? येतात, कारण सगळ्या फोडी साधारण सारख्याच. आता मी सांगतो त्या फळाचं असं करायला बसलात, तर संध्याकाळ होईल!

हे फळ धुंदुलचं. धुंदुल राहतो सुंदरबनात, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशच्या टोकाला. तिथली खूपशी जमीन दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाते. (बंगालीत घोसाळ्यालाही धुंदुलच म्हणतात, पण त्याचं नि या झाडाचं नातं नाही.) झाड तसं लहानखुरं, ८-१० मीटरचं. फळ मात्र केवढं! पपनसाएवढं, तपकिरी, टणक. एकेक फळ दोन किलोंपर्यंतही भरतं.

पिकलं की ते तडकतं. आत ना गर, ना रस. नुसत्या दहा-पंधरा दांडग्या बिया. हातात घेतली तर बीची एक बाजू गोलसर लागते, बाकीच्या बाजू सपाट नि कोनदार. एक तिकोनी, दुसरी चपटी, तिसरी भलत्याच आकाराची. फळात मात्र सगळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या. एकदा सांडल्या की कुठली कुणाशेजारी होती, काही केल्या कळत नाही. म्हणून इंग्रजीत या फळाला ‘माकडाचं कोडं’ म्हणतात.

झाडाला कुठे त्या परत जुळवायच्या असतात? त्या निघतात प्रवासाला! बीचं आवरण बुचासारखं हलकं असतं. भरती आली की बी तरंगत निघते आणि कुठल्या तरी चिखलात अडकून रुजते. अशा तरंगत्या बियांमुळे हे झाड पूर्व आफ्रिकेपासून पार टोंगा बेटांपर्यंत पसरलं आहे. आपल्या कोकणातही ते आहे, पण फार क्वचित.

चिखलात हवा जवळजवळ नसतेच. मग मुळांनी श्वास कसा घ्यायचा? धुंदुलची मुळं चिखलाच्या वर येतात आणि उभ्या धरलेल्या फितीसारखी, नागमोडी वळणं घेत झाडाभोवती पसरतात. ओहोटीला पाणी उतरलं, की त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. मला तर फळापेक्षाही ही मुळंच जास्त आवडतात.

१७८४ साली क्योनिग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं या झाडाला शास्त्रीय नाव दिलं, झायलोकार्पस. म्हणजे लाकूडफळ! आणि खरं लाकूड? बांगलादेशात त्याच्या पेन्सिली करत असत.

हे झाड महोगनीच्या कुळातलं. आपला कडुनिंबही त्याच कुळातला, म्हणजे दोघं चुलतभाऊच. पटत नाही? पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाचं एक फूल तळहातावर घ्या आणि भिंगातून बघा. पाच पाकळ्या आणि मधोमध इवलीशी पांढरी नळी दिसेल. धुंदुलच्या फुलात पाकळ्या चारच असतात, पण मधोमध तशीच इवलीशी नळी!